जलवाहिनीच्या दोन टोकांना

जून संपत आला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटा तक्ता छापून येऊ लागतो. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी अशी सात नावे, आणि प्रत्येक नावापुढे आजचा साठा. सातही जलाशय भरले की १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी जमा होते. ही शहराची वर्षभराची बेगमी. ‘तानसा ओसंडून वाहू लागला’ ही बातमी वाचून लाखो घरांत सुटकेचा श्वास सोडला जातो, कारण यंदा पाणीकपात टळलेली असते.

हा तक्ता नीट वाचला की त्यातून एक भूगोल दिसतो. सातांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच तलाव मुंबईच्या हद्दीत आहेत, आणि त्या दोघांचा मिळून साठा शंभरात जेमतेम अडीच भाग. उरलेले साडेसत्त्याण्णव भाग पाणी शहराबाहेर अडवलेले आहे. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात. मोडकसागर आणि मध्य वैतरणा शहापूर, वाडा, मोखाडा या तालुक्यांच्या सीमेवरच्या डोंगरांत. अप्पर वैतरणा इगतपुरीच्या बाजूला. एकट्या भातसाचा साठा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे मुंबईच्या एकूण साठ्याचा जवळजवळ निम्मा. विहार १८६०च्या सुमारास बांधला गेला, तुळशी १८७९ साली, तानसा १८९२ साली. पुढे शहर वाढत गेले तसे धरण दर वेळी आणखी दूर, आणखी डोंगरात गेले. अगदी अलीकडचे, शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये शहराच्या सेवेत आले.

ज्या तालुक्यांनी हे पाणी साठवायला जमीन दिली, त्यांची नावे दुसऱ्या एका कागदावर दर वर्षी येतात. त्या कागदाला सरकारी भाषेत ‘टंचाई आराखडा’ म्हणतात.

०००

मुंबई-नाशिक महामार्गाने आसनगाव मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सह्याद्रीच्या सोंडा दिसू लागतात. पावसाळ्यात इथे सगळीकडून पाणी वाहत असते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा शहापूर तालुक्याचा मुलूख. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर इथे पाण्याचे दुर्भिक्ष असेल यावर त्याचा विश्वास बसणार नाही.

पण पाऊस पडणे वेगळे आणि पाणी मुरणे वेगळे. इथला खडक काळा, घट्ट. उतार तीव्र, मातीचा थर पातळ. चार महिन्यांत कोसळलेले पाणी काही तासांत ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला मिळते. ज्या गुणामुळे ही भूमी धरणासाठी उत्तम ठरते, त्याच गुणामुळे तिच्यावरची विहीर लवकर आटते. दिवाळीला काठाशी असलेले पाणी होळीपर्यंत तळाला जाते. मार्च उजाडला की डोळखांब, खर्डी, कसारा या पट्ट्यातल्या पाड्यांवर दिवसाचे वेळापत्रक पाण्याभोवती फिरू लागते. पहाटेच्या अंधारात विहिरीवर नंबर लावायचा. तळाच्या खडकातून पाझरणारे पाणी साचेपर्यंत थांबायचे. मग कुणीतरी आत उतरून वाटीने, तांब्याने हंडा भरायचा आणि वरच्या बाईने तो दोराने ओढायचा. विहीरही संपली की ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरा खणायचा आणि गढूळ पाणी फडक्यातून गाळून घ्यायचे.

या कामाचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. ग्रामीण घरासाठी ‘जलजीवन मिशन’ने ठरवलेले प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेतले तरी पंचवीस लिटरच्या वर पाणी येत नाही, आणि तेवढ्याचे वजनच पंचवीस किलो. म्हणजे प्रमाणाइतके पाणी घरी आणायला अकरा खेपा हव्यात. डोंगरउतारावरून रोज अकरा खेपा करणे कुठल्याच बाईला शक्य नाही. म्हणून घर कमी पाण्यात भागवते. आधी अंघोळ कमी होते, मग कपडे धुणे, मग भांडी घासणे. ताटे राखेने कोरडी पुसली जातात. पोरींची शाळा बुडते, कारण खेपा वाटून घ्यायला घरात दुसरे कुणी नसते. खरूज, जुलाब, पाठीची आणि मानेची दुखणी हे सगळे यामागून येते.

टँकर येतो, पण तोही सहज येत नाही. आधी ग्रामपंचायतीचा ठराव, मग पंचायत समितीकडे प्रस्ताव, मग संयुक्त पाहणी, मग मंजुरी. एवढे होईपर्यंत विहीर कधीच आटलेली असते. आलेला टँकर बहुतेक ठिकाणी विहिरीतच रिता केला जातो. ते पाणी तळाच्या गाळात मिसळते, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक त्यात जंतुनाशक टीसीएल पावडर टाकतो आणि काठावर एकच झुंबड उडते. ज्या घरात पाणी ओढणारी बाई धडधाकट असेल त्याला जास्त मिळते. म्हातारीच्या, बाळंतिणीच्या वाट्याला उरलेसुरले येते.

‘धरण उशाला, कोरड घशाला’ असे या तालुक्यात सगळेच म्हणतात, आमदारापासून रिक्षावाल्यापर्यंत. इतक्या वेळा म्हटले गेले की आता ते ऐकून कुणाला धक्का बसत नाही. काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातल्या डेंगणमाळ या गावाची बातमी जगभर गेली होती. पाणी भरायला माणूस हवे म्हणून काही घरांत पुरुषाने दुसरे, तिसरे लग्न केले, अशी ती बातमी. परदेशी छायाचित्रकार आले, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची छायाचित्रे छापून आली. वाचणाऱ्याला एका चमत्कारिक प्रथेची हकिगत कळली. त्याच तालुक्यातून रोज अब्जावधी लिटर पाणी नळाने मुंबईला जाते आणि त्याच्या शेजारीच पाणक्याच्या कामासाठी बाईला लग्न करून आणावे लागते, हे मात्र बहुतेक मथळ्यांत आले नाही. मला त्या प्रथेपेक्षा ही गाळलेली ओळ जास्त लाजिरवाणी वाटते.

०००

‘धरण जवळ असून पाणी का मिळत नाही?’ हा प्रश्न अधिकाऱ्यांना विचारला की दिली जाणारी कारणे खोटी नसतात. ती तपासून मात्र पाहायला हवीत.

पहिले कारण उंचीचे. जलाशय दरीत, पाडे वर डोंगरावर. मुंबईला पाणी उताराने जाऊ शकते, पाड्याला ते चढवावे लागते. पंप लागतो, वीज लागते, विजेचे बिल लागते. लहान ग्रामपंचायतीची पाणीपट्टी एवढी जमत नाही. बिल थकले की वीज तुटते आणि योजना बंद पडते. तालुक्यात गंजलेल्या टाक्या आणि कोरडे नळ भरपूर दिसतात, ते यामुळे. पण उंचीवर पाणी चढवणे अवघड असेल, तर भातसाचे पाणी पिसे इथे नदीतून उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत चढवण्याचे काम मुंबईसाठी वर्षानुवर्षे बिनबोभाट होत आले आहे. अडचण यंत्राची नाही, बिल कोण भरणार याची आहे.

दुसरे कारण जंगलाचे. तानसाभोवती अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय नळ टाकता येत नाही. यावरचा उपाय संसदेने २००६च्या वनहक्क कायद्यातच करून ठेवला आहे. पिण्याच्या पाण्याची सोय आणि जलवाहिनी यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंतची वनजमीन देता येते, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत एवढीच अट. शतकापूर्वीपासून त्याच जंगलातून मुंबईच्या माणूसभर उंचीच्या वाहिन्या जातात. पाड्याची दोन इंची पाइपलाइन तिथे अडते.

तिसरे कारण आरक्षणाचे. धरणातले पाणी कुणाला किती द्यायचे हे आधी ठरलेले असते. भातसा हे राज्याच्या पाटबंधारे खात्याचे धरण, सिंचनाचे उद्दिष्ट ठेवून आखलेले. पुढे शहरांची तहान वाढत गेली आणि त्याचे पाणी प्रामुख्याने शहरांचे झाले. स्थानिकांना पाणी हवे असेल तर त्यांनी मागणी नोंदवावी, योजना आणावी, पैसे आणावेत. धरण बांधतानाच सगळ्यात आधी आसपासच्या पाड्यांचे पिण्याचे पाणी बाजूला काढून ठेवण्याची अट घातली गेली असती, तर ही पाळी आली नसती.

आणि हे पाणी आहे तरी किती? २०११च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांवर होती. आज ती चार लाख धरू. माणशी ५५ लिटर दिले तर अख्ख्या तालुक्याला रोज २२ दशलक्ष लिटर पाणी लागेल. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. म्हणजे संपूर्ण तालुक्याची गरज मुंबईच्या रोजच्या पुरवठ्याच्या दोनशेव्या भागाच्या आसपास आहे. शहरात गळतीत आणि चोरीत हिशेबाबाहेर जाणारे पाणी पाव हिस्स्याहून जास्त असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते. पाव हिस्सा धरला तरी ते पावणेदहाशे दशलक्ष लिटर होते, म्हणजे अशा चाळीसहून अधिक तालुक्यांचे पिण्याचे पाणी. मुंबईचे घोटभरही पाणी कमी न करता शहापूरची तहान भागू शकते. मुंबई आणि शहापूर यांच्यात भांडण लावून देण्याचे काही कारणच नाही.

ठाणे, भिवंडी आणि वाहिनीच्या वाटेवरच्या काही गावांना मुंबई महापालिका आपल्या वाट्यातून पाणी देते, हेही नोंदवायला हवे. पण ज्या गावांजवळून वाहिनी जाते त्यांच्यापुरते ते मर्यादित आहे. डोंगरावरच्या पाड्यांसाठी आता शेजारच्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना आहे. तालुक्यातली ९७ गावे आणि २५९ पाडे त्यात आहेत. विजेशिवाय चालणारी ही योजना मनापासून स्वागत करावे अशीच आहे. पण तिच्यासाठी किती उन्हाळे गेले! सव्वाशे वर्षांपूर्वीच्या साधनांनी तानसाचे पाणी मुंबईत पोहोचले. मुंबईच्या धरणांच्या तालुक्याला प्यायचे पाणी मात्र नाशिक जिल्ह्यातून, गोदावरीच्या खोऱ्यातून आणावे लागते आहे.

या सगळ्यात एक गोष्ट आपण स्पष्ट बोलायचे टाळतो. हे पाडे ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे आहेत. दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्यांचे घर वर्षातले सहा महिने बंद असते त्यांचा आवाज पाणीपुरवठा समितीच्या बैठकीत कुठून येणार? तहान जातीच्या आणि जमातीच्या रेषेवरून जाते हे महाराष्ट्राला नवे नाही. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह त्या तळ्यावर जावे लागले, मार खावा लागला, आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल हाती यायला १९३७ साल उजाडले. ठरावापासून पाण्यापर्यंतचे अंतर किती असते, ते महाडने दाखवून दिले आहे.

०००

आता वाहिनीबरोबर शहरात येऊ.

भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून पाणी शहरभरच्या सेवा जलाशयांत जाते आणि तिथून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भागात सोडले जाते. महापालिकेचे चावीवाले रोज शेकडो ठिकाणी झडपा उघडतात, बंद करतात. कुठल्या गल्लीत किती वेळ आणि किती जोराने पाणी येणार हे त्या फिरणाऱ्या चाव्यांवर ठरते. गोवंडी, मानखुर्द यांसारखे भाग पुरवठ्याच्या शेवटच्या टोकाला येतात. तिथे पोहोचेपर्यंत दाब उरत नाही.

असमानता इथेही कागदावरच सुरू होते. इमारतीत राहणाऱ्याला माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याला ४५ लिटर, असे प्रमाण धरून मुंबईचे नियोजन वर्षानुवर्षे झाले. हे फक्त ज्यांची नोंद आहे त्यांच्यासाठी. १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी देऊ नये असे राज्य सरकारचे १९९६चे परिपत्रक होते. २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसे झोपडपट्टीत राहत होती. त्यांतल्या ज्यांच्याकडे त्या तारखेआधीचा पुरावा नव्हता, त्यांची तहान सरकारदरबारी अस्तित्वातच नव्हती.

अशा वस्तीत काय होते, याचा नेमका अभ्यास झाला आहे. रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, बंदराच्या म्हणजे केंद्र सरकारच्या जमिनीवर कौला बंदर ही वस्ती आहे. ‘पुकार’ या संस्थेने आणि तिच्यासोबतच्या संशोधकांनी तिथल्या पाण्याचा वेगवेगळ्या ऋतूंत अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वस्तीत पालिकेचा नळ नव्हता. मोठ्या वाहिनीला मोटार लावून लांबलचक रबरी पाइपांनी पाणी विकणारे खासगी विक्रेते होते. पालिकेचा त्या वेळचा दर हजार लिटरला २ रुपये २५ पैसे. कौला बंदरचे रहिवासी सरासरी त्याच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजत होते. इतके मोजूनही काही ऋतूंत ९५ टक्के घरांना माणशी ५० लिटर पाणीसुद्धा मिळत नव्हते. पावसाळ्यात पुरवठ्याच्या जागी घेतलेले निम्मे नमुने दूषित निघाले. इतर ऋतूंत पाइपातून येणारे पाणी ठीक असले तरी घरातल्या पिंपात साठवलेले पाणी सगळ्याच ऋतूंत दूषित सापडले.

शेवटची गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण ‘झोपडपट्टीतल्या लोकांना स्वच्छतेची सवय नाही’ असे म्हणून ती झटकून टाकली जाते. पाणी चोवीस तास येत असेल तर कुणी साठवत नाही. दोन दिवसांनी, तेही रात्री-बेरात्री येणार असेल तर प्रत्येक भांडे भरून ठेवावे लागते. त्यात हात बुडतो, तांब्या बुडतो, आणि पाणी खराब होते. शिवाय पाणी बंद असताना वाहिनीतला दाब नाहीसा होतो. वाहिनी गटारातून किंवा गटाराला लागून जात असेल आणि तिला बारीक भेग असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. नळ सुटताना पहिली काही मिनिटे गढूळ, वास मारणारे पाणी येते ते यामुळेच. इमारतीच्या टाकीत दोन दिवसांचे पाणी असते, ती ते पहिले पाणी सोडून देऊ शकते. ज्याच्या नळाला अर्धा तासच पाणी आहे त्याने त्यातली दहा मिनिटे कशी सोडावी? अशुद्ध पाणी हा अपुऱ्या पाण्याचाच दुसरा चेहरा आहे.

आणि पैशाचा हिशेब तर आपल्या सगळ्या समजुती उलट्या करणारा. इमारतीतल्या घराला हजार लिटर पाणी पाच-सात रुपयांच्या आसपास पडते. नळ नसलेल्या वस्तीत दोनशे लिटरचे पिंप चाळीस रुपयांना मिळाले असे धरले, तरी हजार लिटरला दोनशे रुपये होतात. शहरात पाण्याला सगळ्यात जास्त भाव देणारा माणूस हा सगळ्यात गरीब माणूस आहे.

या अन्यायाविरुद्ध पाणी हक्क समितीने वस्त्या-वस्त्यांत माणसे जोडली आणि उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. ए. एस. गडकरी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. पाण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर बेकायदा आहे म्हणून माणसाचे पाणी पूर्णपणे तोडता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि पालिकेला धोरण आखायला लावले. मुंबईच्या नागरी इतिहासातला हा फार मोठा निकाल आहे असे मी मानतो. त्यातही एक उणीव राहिली. बेकायदा वस्तीला कायदेशीर घराइतकेच पाणी मागता येणार नाही, असे न्यायालयाने त्याच निकालात म्हटले. पाण्याविना कुणी राहू नये इतपत मान्य झाले, समानतेपर्यंत मात्र आपण अजून आलेलो नाही.

पुढे २०१७च्या धोरणातून पदपथ, किनारा, रेल्वे, बंदर, विमानतळ, वनजमीन अशा ठिकाणच्या अनेक वस्त्या या ना त्या अटीमुळे बाहेर राहिल्या. २०२२च्या मे महिन्यात महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले आणि घराच्या कायदेशीरपणाशी पाण्याची सांगड तत्त्वतः सोडवली. धोरण चांगले आहे. पण अर्ज, पाच-पाच घरांचे गट, जमीनमालक खात्याचा ना हरकत दाखला, नळजोडणीसाठी लागणारा परवानाधारक प्लंबर आणि त्याचे दर, आणि शेवटी ‘वाहिनीत दाब नाही’ हे उत्तर, ही वाट अजूनही लांब आहे. दरम्यान पिंपवाल्याला रोजचे पैसे द्यावेच लागतात.

०००

जलवाहिनीच्या वाटेवर आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

तानसा वाहिनीच्या दोन्ही कडांना शहरात वर्षानुवर्षे वस्त्या होत्या. वाहिनीच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंना दहा मीटर जागा मोकळी करण्याचे न्यायालयाचे आदेश झाले आणि २०१७च्या सुमारास विद्याविहार, घाटकोपर या भागांतली हजारो घरे तोडली गेली. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग करायची योजना जाहीर झाली. माणसांना पर्यायी घरे दिली गेली ती माहुलला.

माहुल म्हणजे तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या आणि खत कारखान्याच्या मधले गाव. तिथल्या मूळ रहिवाशांनी हवेतल्या विषारी वायूंविरुद्ध आधीच दाद मागितली होती. केईएम रुग्णालयाच्या पाहणीत श्वसनाच्या तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल आणि आंबापाड्याच्या लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचे म्हटले होते. हे सारे कागदावर असताना पाइपलाइनकाठच्या गरिबांना तिथे नेऊन ठेवले गेले. दमा, त्वचेचे विकार, क्षय, आणि पिण्याच्या पाण्याच्याही तक्रारी. अनेक कुटुंबे ती घरे सोडून विद्याविहारच्या पदपथावर येऊन बसली आणि ‘जीवन बचाओ आंदोलन’ सुरू झाले. २०१९ साली उच्च न्यायालयाने महापालिकेला सांगितले की, या लोकांना माहुलला राहायची सक्ती करू नका, दुसरे घर द्या, ते जमत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्या.

ज्या पाण्याच्या वाहिनीला चिकटून ही माणसे राहिली, त्यातले पाणी त्यांना हक्काने मिळाले नाही. ती वाहिनी जपण्यासाठी त्यांना उठवले, आणि जिथे श्वास घेणे धोक्याचे ठरले होते तिथे बसवले. पाण्याचा अन्याय आणि हवेचा अन्याय एकाच कुटुंबाच्या वाट्याला कसा येतो, ते यापेक्षा उघडपणे कुठे दिसेल?

०००

मुंबईची तहान वाढते आहे आणि पुढची धरणे नकाशावर तयार आहेत. वाडा तालुक्यात ओगदा इथे गारगाई धरण व्हायचे आहे, त्यातून रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळेल. त्यासाठी तानसा अभयारण्यातली लाखो झाडे जातील आणि आदिवासी गावे उठतील. पिंजाळ त्याच्या मागे आहे. मुरबाडच्या काळू धरणाचे काम वनखात्याच्या मंजुरीआधीच सुरू झाले होते. श्रमिक मुक्ती संघटनेच्या लोकांनी ते न्यायालयात नेले आणि २०१२ साली ते थांबवावे लागले. पालघरमधले सूर्या धरण आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी बांधले होते. आज त्यातून रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला देण्याची योजना आहे, आणि कालव्याच्या टोकाचा शेतकरी आपल्या पाण्याचे काय होणार म्हणून रस्त्यावर येतो.

शहराला पाणी देऊ नये असे कुणीच म्हणत नाही. कौला बंदरच्या माणसालाही ते हवे आहे. पण नवे धरण बांधले की शहरातल्या शेवटच्या नळाला पाणी येते, हे आजवरच्या अनुभवाने सिद्ध झालेले नाही. मध्य वैतरणाचे पाणी २०१४ साली आले. त्याच वर्षी पाण्याच्या हक्कासाठी न्यायालयाचा निकाल लागावा लागला. वाटपाचे नियम तेच राहिले तर वाढीव पाणी जिथे दाब आहे, मीटर आहे आणि कागद आहे तिथेच जाते. गारगाईच्या झाडांना हात लावण्याआधी गळतीत जाणारे पाव हिस्सा पाणी वाचवणे, सांडपाणी शुद्ध करून कारखाने, बांधकामे आणि उद्यानांसाठी वापरणे हे मार्ग महापालिकेच्या हातात आहेत. सांडपाणी शुद्धीकरणाच्या सात नव्या केंद्रांची कामे तिने हाती घेतलेली आहेत. त्या पाण्याचा उपयोग आधी व्हावा, गाव त्यानंतर बुडवायचे की नाही ते ठरावे.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. मुंबईसाठी असलेल्या आणि पुढे होणाऱ्या प्रत्येक धरणातून सर्वांत आधी त्या तालुक्यातल्या प्रत्येक पाड्याचे पिण्याचे पाणी राखून ठेवले जावे, आणि ते चढवण्याच्या विजेचा खर्च शहराने आपल्या पाणीपट्टीतून उचलावा. ज्या महापालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक सत्तर हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले आहे, तिला हा भार जाणवणारही नाही. शहरात माणशी १३५ आणि ४५ असा भेद करणारे नियोजन रद्द व्हावे. आणि पाण्यासाठी, वाहिनीसाठी, धरणासाठी उठवलेल्या माणसाला जिथे वसवायचे तिथले पाणी आणि हवा आधी तपासली जावी.

पावसाळा संपतो तेव्हा सातही जलाशय बहुधा भरलेले असतात आणि शहापूरच्या विहिरींनाही पाणी असते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा टंचाई आराखड्याचा पहिला टप्पा असतो. उन्हाळ्यात कुठल्या पाड्याला टँकर लागणार, कुठली विहीर खोल करायची, कुठली योजना दुरुस्त करायची हे याच महिन्यांत ठरते, मे महिन्यात नव्हे. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या वाचकांनी आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला याच दिवसांत एक पत्र लिहावे: आमच्या नळाला ज्या तालुक्यातून पाणी येते, त्या तालुक्याच्या यंदाच्या आराखड्यात किती पाड्यांची नावे आहेत, आणि ती कमी करण्यासाठी आमचे शहर काय देणार आहे? लेखी उत्तर मागावे, आणि ते मिळेपर्यंत मागत राहावे.